पुन्हा वाचूनही न विटलेली ‘द ड्राय’

खुनी कोण हे एकदा कळलं की बहुतेक रहस्यकादंबऱ्या माझ्याकडून कुणाला तरी वाचायला दिल्या जातात. जेन हार्परची ‘द ड्राय’ तशी गेली नाही. गेल्या पावसाळ्यात एका दमात वाचली, हिवाळ्यात शेवट ठाऊक असताना हातात पेन्सिल घेऊन सावकाश वाचली, आणि अलीकडे एसटीच्या प्रवासात ऑडिओवर ऐकली. अजून ती मनातून गेलेली नाही.

कथा ऑस्ट्रेलियातल्या कीवारा या काल्पनिक गावात घडते. मेलबर्नपासून मोटारीने पाचेक तासांवरचं हे शेतकऱ्यांचं गाव, आणि दोन वर्षं तिथे पाऊस नाही. ल्यूक हॅडलर नावाच्या शेतकऱ्याने बायको कॅरेन आणि लहानग्या बिलीला गोळ्या घालून स्वतःला संपवलं, असं सगळे धरून चालतात. तान्ही शार्लट तेवढी जिवंत राहते. ल्यूकचा बालमित्र अ‍ॅरन फॉक मेलबर्नमध्ये पोलीस खात्यात आर्थिक गुन्ह्यांचा तपास करतो. अंत्यविधीला तो येतो तो ल्यूकच्या वडिलांच्या चिठ्ठीमुळे: ल्यूक खोटं बोलला होता, तूही बोलला होतास, ये. वीस वर्षांपूर्वी एली डीकन ही त्यांची मैत्रीण नदीत मेलेली सापडली होती. तिच्या खिशातल्या कागदावर ‘फॉक’ हे नाव लिहिलेलं होतं, आणि त्या एका शब्दापायी फॉक बापलेकाला गाव सोडावं लागलं होतं.

पहिल्या वाचनात मी ही दोन रहस्यं सोडवण्याच्या मागे होते. दुसऱ्या वाचनात जाणवलं ते वेगळंच. इथे दुष्काळ ही नुसती पार्श्वभूमी नाही, खुन्याला सगळ्यात मोठा आडोसा दुष्काळच देतो. शेत करपलंय, जनावरं मरतायत, मग एखाद्या शेतकऱ्याचं डोकं फिरलं असेल, हे गावाला लगेच पटतं. पटतं म्हणून पुढे कुणी विचारत नाही. ज्याच्या त्याच्या मनात तीच भीती आधीपासून बसलेली असते.

मी लातूरची. 2016 साली, म्हणजे ही कादंबरी आली त्याच वर्षी, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आमच्या शहरात आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं. त्यामुळे फॉक लहानपणीच्या नदीवर जातो आणि तिथे नुसती कोरडी माती उरलेली पाहतो, ते पान मी फार वेळ उलटू शकले नाही. आमच्याकडेही शेतकरी गेला की नापिकी आणि कर्ज ही कारणं तोंडावर तयार असतात. बहुतेकदा ती खरीच असतात. पण त्या घरात आणखी काय चाललं होतं, हे विचारायला कुणी थांबत नाही. परक्या देशातल्या लेखिकेने हे इतकं नेमकं पकडावं, याचं मला अजून अप्रूप वाटतं. हार्पर मूळची ब्रिटिश आणि आधी पत्रकार होती. गावात बाहेरून आलेला माणूस कुठे उभा राहतो, कुणाच्या नजरा झेलतो, हे तिला बारकाईने दिसतं.

पेन्सिलीच्या खुणा सर्वांत जास्त पडल्या त्या पुराव्यांवर. नव्याने रुजू झालेला सार्जंट रॅको सांगतो, की ल्यूककडे विंचेस्टरची काडतुसं होती आणि मृतदेहांमधली रेमिंग्टनची निघाली. हे लेखिका लपवून ठेवत नाही, सुरुवातीलाच हातात देते. बाळाला का सोडलं, हा प्रश्नही तसाच उघड्यावर ठेवलेला. कॅरेनने एका पावतीमागे जे खरडलं होतं, तिथे तर जरूर थांबा. वाचकाला फसवायला हार्परला खोटं बोलावं लागत नाही. आपण गावासारखाच विचार करतो आणि आपले आपणच फसतो.

जुन्या मृत्यूचा धागा मला अधिक अस्वस्थ करून गेला. एली गेली त्या दिवशी आपण दोघं सशांच्या शिकारीला गेलो होतो, असं ल्यूक आणि फॉकने ठरवून सांगितलेलं असतं. फॉक निर्दोष आहे. तरी त्या खोट्याने वाचवलं कुणाला, हा संशय तो वीस वर्षं उराशी घेऊन जगतो. ल्यूकवर त्याचं प्रेम आहे आणि विश्वास नाही. हे असं नातं रहस्यकथेत इतक्या मायेने लिहिलेलं मी क्वचित वाचलंय.

उणिवा आहेत. एलीचा बाप माल डीकन आणि त्याचा भाचा ग्रँट डाउ हे दोघे आले की केवळ धमकावतात. इतक्या सूक्ष्म कादंबरीत एवढी सरळसोट दुष्ट माणसं खटकतात. दुसरं, जुने प्रसंग मध्येच तिरप्या अक्षरांत येतात आणि त्यांतलं काही असं असतं, की आज हयात असलेल्या कुणालाच ते कळण्याची शक्यता नाही. पहिल्या वाचनात वेगात ते खपून जातं, दुसऱ्यांदा मात्र तपासाची मेहनत बाजूला ठेवून लेखिकेनेच उत्तर हातात दिल्यासारखं वाटतं.

ऑडिओवर तिरपी अक्षरं ऐकू येत नाहीत, त्यामुळे आज संपून वीस वर्षांपूर्वीचं कधी सुरू झालं ते चटकन उमगत नाही. पहिल्यांदा घेत असाल तर छापील किंवा ई-बुकच घ्या. एरिक बाना असलेला चित्रपटही पाहिला. तो व्हिक्टोरियातल्या विमेरा भागात चित्रित झालाय आणि ती भेगाळलेली जमीन पाहण्यासारखी आहे, पण रॅको आणि फॉकची हळूहळू जमत जाणारी दोस्ती पुस्तकात जास्त फुलते.

लहान मुलाचा खून कथेच्या केंद्रस्थानी आहे. वर्णन संयत आहे, तरी बिलीच्या खोलीचं प्रकरण मला तिन्ही वेळा जड गेलं. हे सोसणार नसेल तर हार्परच्याच, फॉक नायक असलेल्या पुढच्या ‘फोर्स ऑफ नेचर’पासून सुरुवात करा. 2017 चं ते पुस्तक स्वतंत्रपणे वाचता येतं. 2022 चं ‘एक्झाइल्स’ मात्र ‘द ड्राय’नंतरच घ्या, कारण त्यात रॅको पुन्हा भेटतो आणि त्याची ओळख आधी झालेली असली की त्या भेटीचा आनंद कितीतरी वाढतो.