मॅकेट हातातून सोडण्याआधी हे वाचा: शिल्पाची चोरी आता स्कॅनरने होते

शिल्पकलेत करिअर करायचं ठरवलेल्या, नुकतंच शिक्षण संपवून पहिल्या मोठ्या कामाची वाट बघत बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. माझ्याबरोबर जे झालं त्याच शब्दांतला मेसेज आता एका ज्युनिअर मुलाला आलाय, त्याने मला तो फॉरवर्ड केला आणि वाचून डोकंच फिरलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. लांबेल, पण पूर्ण वाचा.

आधी आपल्या धंद्याची अडचण काय ती लक्षात घ्या, कारण ही माणसं बरोब्बर तिथेच हात घालतात. पेंटिंग करणारा माणूस दहा कॅनव्हास रंगवून ठेवू शकतो, विकले जातील तेव्हा जातील. बारा फुटी शिल्प कोण स्वतःच्या खर्चाने करून ठेवणार? आर्मेचरचं, म्हणजे आतल्या सांगाड्याचं लोखंड, माती, मोल्ड, कास्टिंग, क्रेन, आणि मुळात एवढी उंच जागा, हे सगळं कुठून आणायचं? म्हणून आपण सगळे कमिशनच्या, म्हणजे ऑर्डरवर मिळणाऱ्या कामाच्या भरवशावर, आणि कमिशन हवं तर आधी मॅकेट, म्हणजे शिल्पाचं छोटं मॉडेल दाखवा. म्हणजे काम मिळण्याआधीच कामाचा सगळ्यात अवघड भाग, पोझ, तोल, वजन कुठे पडतं, पोकळी कुठे ठेवायची, हा सगळा विचार पूर्ण करून समोरच्याच्या हातात द्यायचा.

मला मेसेज आला तो एका आर्ट कन्सल्टन्सीकडून. भाषा व्यवस्थित, माझं जुनं काम नीट बघितलेलं, अगदी एका टॉर्सोच्या खांद्याबद्दल दोन वाक्यं लिहिलेली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या दारासमोर शिल्प हवंय, विषय असा की एक माणूस दुसऱ्याला हात देऊन उठवतोय, उंची साधारण बारा फूट, ब्राँझमध्ये, तीन शिल्पकार शॉर्टलिस्ट केलेत त्यात तुम्ही आहात, मॅकेट पाठवा, निवड झाली की अ‍ॅडव्हान्स आणि अ‍ॅग्रीमेंट लगेच. क्लायंटशी बोलता येईल का विचारलं तर म्हणाले तिघांना समान संधी मिळावी म्हणून सध्या कुणालाच थेट भेटू देत नाही. ऐकायला किती न्यायाचं वाटतं बघा.

आता ब्रीफमधल्या अटी सांगते, त्या पाठ करून ठेवा. मॅकेट मातीत नको, पीओपी किंवा रेझिनमध्ये हवं, उंची दीड फूट. रंग एकसारखा मॅट ग्रे, पॅटिना (धातूवर रसायनांनी आणतात तो रंग) नको, मेटॅलिक फिनिश नको, चकाकी अजिबात नको. सोबत गोल फिरत्या स्टँडवर ठेवून सगळ्या बाजूंनी, सावली न पडणाऱ्या प्रकाशात घेतलेला सलग व्हिडिओ.

मला या सगळ्या अटी क्लायंटच्या आवडीच्या वाटल्या, आणि कुणालाही तशाच वाटतील कारण ग्रे मॉडेलवर फॉर्म चांगला दिसतोच, आपणही एकमेकांना तेच सांगतो. पण याच अटी थ्रीडी स्कॅनरच्याही असतात. चकाकणारा पृष्ठभाग प्रकाश भलतीकडेच फेकतो, काळा पृष्ठभाग प्रकाश गिळतो, दोन्हीकडे स्कॅनरचा गोंधळ उडतो, मॅट ग्रे वस्तू मात्र तो केसाएवढ्या रेषेपर्यंत उचलतो. स्कॅनर नसला तरी सगळ्या बाजूंच्या फोटोंवरून सॉफ्टवेअर मॉडेल तयार करतं, आणि फिरत्या स्टँडचा व्हिडिओ म्हणजे असे शेकडो फोटोच.

काम मी मनापासून केलं. दोन फिगर, एक उभी, एक जमिनीवरून अर्धी उठलेली, आणि सगळा जीव त्या पकडलेल्या हातांत. उठणाऱ्या फिगरच्या कोपराजवळ आर्मेचरची तार वर आली होती, ती काढायला गेले असते तर पूर्ण हात हलला असता, म्हणून तिथे मातीचा एक गोळा दाबून बसवला, आणि तो गोळा मला आवडला, हाताला ओढ आल्यासारखी वाटली, म्हणून गुळगुळीत केला नाही, तसाच ठेवला. बेसची कड मी नेहमी अंगठ्याने दाबत दाबत बंद करते, तशीच केली, अंगठ्याचे चपटे ठसे एका ओळीत. सिलिकॉन मोल्ड घेतला, पीओपीत काढलं, ग्रे मारला, पाठवलं.

बराच काळ काही कळवलं नाही. मग मेल आला की बजेट फ्रीझ झालंय, प्रोजेक्ट पुढे ढकललाय, तुमचं काम ज्युरीला फार आवडलं. मॅकेटही परत आलं, चांगलं पॅक करून. फक्त कोपराच्या खाचेत, बोटांच्या मधे, केसांच्या रेषांत बारीक पांढरी पावडर बसलेली होती. मला वाटलं पॅकिंगचं काहीतरी असेल, ब्रशने झटकली. नंतर एका थ्रीडी प्रिंटिंगवाल्या मित्राला दाखवली तेव्हा तो बघताक्षणीच म्हणाला ही स्कॅनिंग स्प्रेची पावडर आहे, स्कॅन करायच्या आधी मारतात, खाचांमध्ये राहते.

पुढचं तुमच्या लक्षात आलंच असेल. ओळखीच्या एका मुलीने एका हॉस्पिटलसमोर उभ्या शिल्पाचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, अभिनंदन, सांगितलं नाहीस! मी जाऊन बघितलं.

समोर माझंच शिल्प. पण कॉपी म्हटलं की दुसऱ्या कुणीतरी बघून केलेलं काम डोळ्यासमोर येतं, हे तसं नव्हतं. माणूस छोट्यावरून मोठं करतो, पॉइंटिंगने (मापाचे बिंदू उतरवून) करो की ग्रिड टाकून, तेव्हा तो प्रत्येक ठिकाणी नव्याने ठरवतो, दीड फुटाला चालून गेलेली गोष्ट बारा फुटाला चालत नाही, पापणी वेगळी करावी लागते, घडीची खोली बदलावी लागते, खालून बघणाऱ्यासाठी डोकं किंचित मोठं घ्यावं लागतं. मशीन यातलं काहीच करत नाही. ते स्कॅनच्या फाइलवरून फोम कापतं आणि जे आहे ते आठ पट करतं. कोपरावरचा तो गोळा तिथे नारळाएवढा होऊन बसला होता, तार झाकायला दाबलेला गोळा, ज्याच्या खाली तिकडे कुठलीच तार नाही! आणि बेसच्या कडेला माझ्या अंगठ्याचे ठसे, एकेक माझ्या तळहातापेक्षा रुंद, त्याच ओळीत, आणि जिथे माझा अंगठा घसरला होता तिथे तसाच घसरलेला. मी त्यावर हात ठेवून बघितला. राग नंतर आला, आधी नुसतं अंगातलं बळ गेल्यासारखं झालं.

फोम कापल्यावर त्यावर मातीचा पातळ थर चढवून शिल्पकाराने सगळा पृष्ठभाग पुन्हा हाताने करायचा असतो, चांगले स्टुडिओ तसंच करतात, मशीनने कापणं हा काही गुन्हा नाहीये. यांनी तेवढेही पैसे वाचवले होते. आणि बोटाने टकटक केल्यावर आणखी एक गोष्ट कळली. ब्राँझची पोकळ कास्टिंग वाजते, आवाज लांबतो. इथे ठप्प. रेझिनमध्ये ब्राँझ पावडर मिसळून पहिला थर मारलेला, मागे फायबर. नवं असताना, घासून पॅटिना केल्यावर, ते दिसतं अगदी ब्राँझसारखं. म्हणजे हॉस्पिटललाही फसवलं होतं, त्यांच्या ऑर्डरमध्ये ब्राँझ लिहिलेलं आणि पैसेही ब्राँझचे गेलेले. एका अर्थी यामुळेच माझं ऐकून घेतलं गेलं, नाहीतर तिथल्या अधिकाऱ्याने मला पाच मिनिटंही दिली नसती असं मला अजूनही वाटतं.

कन्सल्टन्सीचं उत्तर तयारच होतं: कल्पना आमची होती, ब्रीफमध्ये लिहिलेलीच होती, एक माणूस दुसऱ्याला उठवतो यावर कुणाची मालकी कशी असेल? हे उत्तर तुम्हालाही ऐकायला मिळेल म्हणून नीट समजून घ्या. कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे त्यांचं खरंच आहे. पण त्या कल्पनेला जो विशिष्ट आकार मिळाला, तो कोपर, ते हात, तो तोल, त्यावर असतो, आणि तो ज्याने घडवला त्याचा असतो. आणि समजा त्यांनी मला मॅकेटचे पैसे दिले असते तरी आपोआप सगळे हक्क त्यांचे झाले नसते. अमेरिकेत जेम्स अर्ल रीड नावाच्या शिल्पकाराची केस थेट सुप्रीम कोर्टात गेली होती, बेघर लोकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने त्याच्याकडून शिल्प करून घेतलं होतं, विषयही त्यांनीच सुचवलेला, आणि १९८९ साली कोर्टाने सांगितलं की तो त्यांचा नोकर नव्हता, स्वतंत्र कलाकार होता, त्यामुळे नुसतं काम सांगितलं आणि खर्च दिला म्हणून कॉपीराइट संस्थेचा होत नाही. देशागणिक कायदा बदलतो, तुमच्या वकिलाला विचारा. पण कामावर आपलं नाव असणं आणि कामाची मोडतोड न होणं हे कलाकाराचे हक्क बर्न करारात, म्हणजे कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारात, १९२८ पासून आहेत, ही कुणी दयेने द्यायची गोष्ट नाही.

कागदावर माझ्या बाजूने उभं राहिलं ते काय, तर माझ्या मोबाइलमधले फोटो. तारेचा सांगाडा, त्यावर पहिला मातीचा थर, कोपरातून वर आलेली तार, मग त्यावर बसवलेला गोळा, सगळं तारखेसकट. शिवाय सिलिकॉन मोल्ड माझ्याकडे. वकिलांनी तारेचा फोटो आणि मोठ्या शिल्पाच्या कोपराचा फोटो शेजारी शेजारी लावला, त्यानंतर हॉस्पिटलच्या लोकांना फार समजवावं लागलं नाही. पुरावा ठेवायची ही गरज नवीन नाहीये. १८७७ मध्ये फ्रेंच शिल्पकार रोदाँच्या ‘एज ऑफ ब्राँझ’वर पॅरिसमध्ये आरोप झाला की हे घडवलेलंच नाही, जिवंत माणसाच्या अंगावरून साचा घेतलाय, तेव्हा त्यालाही आपल्या मॉडेलचे फोटो पुढे करावे लागले होते आणि डाग पुसायला काही वर्षं गेली, १८८० मध्ये सरकारने ते शिल्प विकत घेतलं. एवढं थोर काम, तरी फोटो दाखवा!

आज स्थिती अशी की हॉस्पिटलने शिल्पाखाली माझ्या नावाची पाटी लावली, पैसे मला मिळालेले नाहीत, नोटीस पोचायच्या आत कन्सल्टन्सी बंद झाली आणि तीच माणसं दुसऱ्या नावाने सुरू आहेत. केस चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही.

जाता जाता दुसऱ्या दोन-तीन गोष्टी, कारण फसवणारे सगळेच स्कॅनर घेऊन येत नाहीत. फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतून देणाऱ्या कारखान्यात, मोल्ड सोडून येऊ नका, मोल्ड कुणाचा आणि किती कास्ट काढायचे हे लिहून घ्या, प्रत्येक कास्टवर नंबर आणि फाउंड्रीचा शिक्का हवा. रोदाँच्या शिल्पांच्या बाबतीतही बारा कास्टची मर्यादा पाळली जाते, आठ नंबरवाले आणि चार आर्टिस्ट प्रूफ (कलाकारासाठी राखलेले कास्ट), कारण त्याच्या पुढे गेलं की आधीच्यांची किंमतच जाते. तुमच्या कास्टवरून कुणी परत मोल्ड काढून कास्ट केला असेल तर माप घ्या, ब्राँझ थंड होताना आकसतं, नक्कल मूळ कास्टपेक्षा दीड-दोन टक्के लहान भरते आणि बारीक रेषा बोथट होतात. पैसे भरून प्रदर्शनात जागा देणाऱ्या गॅलऱ्यांबद्दल एवढंच की त्यांची कमाई तुमच्या फीवर होते, त्यामुळे तुमचं काम विकायची त्यांना घाई नसते. आणि ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून “वरचे पैसे शिपिंगवाल्याला द्या” म्हणणारा गिऱ्हाईक हा गिऱ्हाईकच नसतो, चेक नंतर बाउन्स होतो आणि पुढे दिलेले पैसे तुमचे गेलेले असतात.

मॅकेटचं मात्र पुन्हा सांगते कारण जुन्या पिढीतले आपले शिक्षक हे शिकवत नाहीत, त्यांच्या काळात मॅकेट चोरलं तरी ते मोठं करायला दुसरा शिल्पकारच लागायचा, आणि दुसरा शिल्पकार त्यात आपला हात घालणारच. आता ज्याच्या हातात मॅकेट त्याच्या हातात मोठं शिल्प. म्हणून मी पहिल्या फेरीला ड्रॉइंग आणि दोनच बाजूंचे फोटो देते. मॅकेट मागितलं तर त्याची वेगळी फी, हक्क कुणाचे ते लिहिलेला एक पानाचा कागद दोन्हीकडच्या सहीने, आणि मॅकेट मी स्वतः घेऊन जाते, मीटिंग संपली की परत घेऊन येते. खाली सही, साल, आणि बेसच्या आतल्या बाजूला एक खूण. फिरता व्हिडिओ, स्कॅन फाइल काहीही अ‍ॅडव्हान्स आल्याशिवाय नाही. यावर काही लोक नाराज होतात, काम जातंही. पण खऱ्या क्लायंटला शिल्पकाराला भेटायचंच असतं, त्याला तुमची माती लागलेली बोटं बघायची असतात, तुम्ही कसं बोलता ते ऐकायचं असतं.

तुमच्यापैकी कुणाला मॅट ग्रे, चकाकी नको, फिरता व्हिडिओ, क्लायंटला भेटता येणार नाही असा ब्रीफ आला असेल तर तो डिलीट करू नका. मेल, अटॅचमेंट, तारखा, मेसेजचे स्क्रीनशॉट, कुरियरची पावती, मॅकेट परत आलं असेल तर न पुसता तसंच पिशवीत घालून ठेवा, पावडर असेल तर तीही राहू द्या. आम्ही अशा लोकांचे कागद एकत्र करतोय, आणि वकिलांचं म्हणणं आहे की एकाच मजकुराचे ब्रीफ चार-पाच जणांकडून मिळाले तर “गैरसमज झाला” हे उत्तर त्यांना देता येणार नाही.