गेमचं संगीत: थर की तुकडे?

खेळाडू गुहेत दोन मिनिटं रेंगाळेल की वीस, हे कोणालाच आधी सांगता येत नाही. म्हणून गुहेतून लढाईत शिरताना संगीत कसं बदलणार, हे चाल बांधण्याआधीच ठरवावं लागतं.

थरांच्या पद्धतीत पॅड (मागे लांब धरलेले सूर), बास, तालवाद्यं आणि मुख्य सुरावट असे चार स्टेम, म्हणजे एकाच चालीचे वेगवेगळे ऑडिओ ट्रॅक, एकाच क्षणी सुरू होतात आणि गेम फक्त त्यांचा आवाज कमी-जास्त करतो. शत्रू दिसताच अर्ध्या सेकंदात तालवाद्यं वर येतात. मात्र गुहा ९६ बीपीएमची (मिनिटाला ९६ मात्रांची) असेल, तर लढाईही ९६चीच. स्वरसंगतीही एकच, षड्ज धरून बसलेल्या रागाच्या चालीला ही अडचण जाणवतसुद्धा नाही. मेमरीचा हिशोब करून ठेवा: चार मात्रांच्या ३२ बारचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा भाग, ८० सेकंदांचा, ४८ किलोहर्ट्झ १६ बिट स्टिरिओत चार थर मिळून सुमारे ६१ एमबी. मास्टरवरचा, म्हणजे सगळ्या मिक्सवर एकत्र लागलेला, कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारा इफेक्ट) तसाच ठेवून स्टेम वेगवेगळे काढले, तर एकत्र वाजवताना मूळ मिक्स परत येत नाही. म्हणून कंप्रेसर आधी काढून टाका. युनिटी या गेम इंजिनात चारही स्टेम 'प्लेशेड्यूल्ड' या फंक्शनला एकच वेळ देऊन सुरू करा, नाहीतर ते मागेपुढे होतात. गोडो या इंजिनात ४.३ आवृत्तीपासून यासाठी 'ऑडिओस्ट्रीमसिंक्रोनाइज्ड' आहे.

तुकड्यांच्या पद्धतीत प्रत्येक प्रसंगाला वेगळा तुकडा असतो आणि गेम एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो, त्यामुळे लय, सूर, वाद्यं सगळं बदलता येतं. त्रास वाट पाहण्याचा. १६ मात्रांनी येणाऱ्या समेवरच उडी मारायची ठरवली, तर ९६च्या लयीत १० सेकंदांपर्यंत खोळंबा; तोवर शत्रू मेलेलाही असतो. चार मात्रांच्या प्रत्येक बारवर उडी ठेवली, की जास्तीत जास्त अडीच सेकंद. तेवढी फट तिहाईसारख्या (तीनदा वाजणाऱ्या बोलासारख्या) छोट्या तुकड्यानं भरून निघते, कारण तिहाई समेवरच येऊन पडते. रिव्हर्बची (घुमत राहणाऱ्या आवाजाची) शेपटी कापू नका, तिचे दोन सेकंद पुढच्या तुकड्यावर वाजू द्या. एका प्रसंगातून दुसऱ्यात जाण्याचे सांधेही मोजा: तीन प्रसंगांना सहा, पाचांना वीस, आणि प्रत्येक कानानं तपासायचा.

धोका सतत चढत-उतरत असलेला, लपतछपत खेळायचा गेम एकट्यानं करत असाल, तर थर घ्या. दृश्यं स्पष्ट वेगळी असलेल्या कथाप्रधान गेमला तुकडे शोभतात.

लूप कुठल्याही पद्धतीचा असो, एमपी३ नको. एन्कोडर फाइलच्या दोन्ही टोकांना किंचित शांतता जोडतो आणि प्रत्येक फेरीला उचकी लागते. ऑग किंवा वेव्ह वापरा. लूप सलग दोनदा वाजवून रेंडर करा आणि दुसरी फेरी ठेवा, म्हणजे आधीच्या फेरीची शेपटी सुरुवातीला आपोआप मिसळलेली मिळते.