उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलट: सात महिन्यांच्या वापरानंतर

परवा सर्व्हिस सेंटरमधल्या मुलानं मला विचारलं, "मॅडम, उजवीकडचं कंट्रोल कोण वापरतं हो?"

मी वापरते. कीबोर्डवरचं ते बटण कामाच्या दिवसांत शेकडो वेळा वापरते. त्याच्या त्या प्रश्नामुळेच हे लिहायला बसले. लॅपटॉपचा वेग, स्क्रीन, बॅटरी याबद्दल माझी तक्रार नाही आणि ती माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मला फक्त कोपायलटबद्दल, म्हणजे विंडोजमधल्या मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाबद्दल, आणि त्याच्या बटणाबद्दल बोलायचं आहे.

लॅपटॉप घेतला जून २०२५ च्या पहिल्या आठवड्यात. माझा जुना डेस्कटॉप विंडोज १० वर चालत होता. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता, आणि मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नसल्यामुळे त्यावर विंडोज ११ चढत नव्हतं. मी घरून मराठी टायपिंग आणि मुद्रितशोधन करते. ऑक्टोबर म्हणजे दिवाळी अंकांची शेवटची धावपळ, त्या वेळी मशीन बदलणं शक्यच नव्हतं. म्हणून आधीच पैसे मोकळे केले. जूनच्याच अखेरीला कळलं की घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० चे सुरक्षा अपडेट आणखी एक वर्ष मिळणार, आणि तेही पैसे न भरता मिळवायची सोय आहे. तीन आठवडे थांबले असते तर वर्षभर खर्च पुढे ढकलता आला असता. याची चुटपुट मला अजून आहे.

घरी आणून पहिली फाइल उघडली आणि तासाभरात लक्षात आलं की स्पेसबारच्या उजवीकडे कंट्रोल नाही. तिथे कोपायलटचं चिन्ह असलेलं बटण आहे. दुकानात मी ते पाहिलंच नव्हतं. मायक्रोसॉफ्टनं हे बटण जानेवारी २०२४ मध्ये जाहीर केलं. विंडोजच्या कीबोर्डमध्ये जवळजवळ तीस वर्षांनी झालेला मोठा बदल, असं तेव्हा सांगितलं गेलं. आधीचा मोठा बदल म्हणजे विंडोजचं बटण. ते जुन्या बटणांच्या मधे जागा करून बसलं होतं. नवं बटण मात्र बहुतेक लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलची नाहीतर मेनूची जागा घेऊन आलं आहे.

उजवा कंट्रोल एवढा का लागतो, ते सांगते. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठीच्या कीबोर्डच्या मांडणीवर टाइप करते, सीडॅकच्या आयएसएम या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर शिकले तेव्हापासून. इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला असतात, हे वापरणाऱ्यांना माहीत आहे. पण मुलांच्या मजकुरात एक वेगळंच काम असतं. 'उद्‌घाटन', 'षट्‌कोन', 'वाक्‌प्रचार' हे शब्द पाय मोडून, सुटे दाखवायचे असतात, म्हणजे लहान वाचक जोडाक्षरात अडकत नाही. त्यासाठी हलन्तानंतर एक अदृश्य चिन्ह टाकावं लागतं. विंडोजच्या इनस्क्रिप्टमध्ये ते कंट्रोल, शिफ्ट आणि २ एकत्र दाबून येतं. अर्धं अक्षर जोडून ठेवणारं दुसरं चिन्ह कंट्रोल, शिफ्ट आणि १ नं येतं. १ आणि २ हे आकडे कीबोर्डच्या डाव्या टोकाला. म्हणून उजव्या हातानं उजवा कंट्रोल आणि उजवी शिफ्ट धरायची आणि डाव्या हातानं आकडा दाबायचा. वर्षानुवर्षं माझे हात हेच करत आले आहेत. डावा कंट्रोल आहे की, असं म्हणणाऱ्यांनी डाव्या कंट्रोल-शिफ्टवर दोन बोटं ठेवून त्याच हातानं २ दाबून बघावं, आणि हे एका बैठकीत दीडशे वेळा करून बघावं. माझं मनगट चौथ्या दिवशी दुखायला लागलं.

आता कोपायलट बंद करण्याबद्दल. इथे माझं मत वापरता वापरता बदललं.

सुरुवातीला मला तो संपूर्ण मशीनमधून हद्दपार करायचा होता. माझ्याकडे येणाऱ्या कथा-कविता अजून छापल्या गेलेल्या नसतात. लेखकानं संपादकावर विश्वास ठेवलेला असतो आणि संपादकानं माझ्यावर. ते कागद मी शेजारणीलाही दाखवत नाही. भाच्यानं एका जुन्या व्हिडिओत बघून रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, कोपायलट बंद करायची नोंद घातली. मशीन पुन्हा सुरू केलं तरी कोपायलट जागच्या जागी. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. नंतर कळलं की ती नोंद जुन्या कोपायलटसाठी होती, २०२३ मध्ये स्क्रीनच्या उजव्या कडेला पट्टीसारखा उघडायचा त्याच्यासाठी. आताचा कोपायलट हे साधं ॲप आहे. सेटिंग्जमध्ये ॲप्सच्या यादीत जायचं, कोपायलटसमोरच्या तीन टिंबांवर क्लिक करायचं आणि अनइन्स्टॉल म्हणायचं. अर्ध्या मिनिटात गेलं. विंडोजच्या होम आवृत्तीत ग्रुप पॉलिसी (सोयी बंद-चालू करायचं प्रगत साधन) नसते म्हणून आपण अडलो, असं जे मी सगळ्यांना सांगत होते ते चुकीचं होतं. मार्च २०२५ मधल्या एका अपडेटमुळे काही संगणकांवरून हे ॲप चुकून आपोआप निघून गेलं होतं आणि मायक्रोसॉफ्टनं तसं मान्यही केलं होतं. तेव्हा काढल्यानं विंडोजचं काही बिघडेल ही भीती बाळगू नका.

बाकीच्या ठिकाणी एकेक करून जावं लागतं. नोटपॅडच्या सेटिंग्जमध्ये कोपायलटचं वेगळं बटण आहे, ते बंद करा. मजकूर नव्यानं लिहून देणारी नोटपॅडची सोय खात्यात साइन-इन केल्याशिवाय चालत नाही, आणि माझ्या लॅपटॉपसारख्या साध्या मशीनवर त्यासाठी मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो. एज ब्राउझरमधलं चिन्हही सेटिंग्जमधून जातं. माझ्याकडे एकरकमी घेतलेलं ऑफिस २०२४ आहे, त्यात कोपायलट येत नाही. ज्यांच्याकडे वर्गणीचं ऑफिस आहे त्यांनी वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, कोपायलट इथे जाऊन खूण काढावी. एक्सेलमध्ये आणि पॉवरपॉइंटमध्ये हे वेगवेगळं करावं लागतं. वर्गणीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: कोपायलट नसलेली 'क्लासिक' नावाची स्वस्त योजना ठेवलेली होती, पण ती ग्राहकांना नीट सांगितली नाही, असा आरोप करत ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. २७ लाख ग्राहकांचा प्रश्न आहे तिथे. नूतनीकरणाच्या वेळी पैसे भरण्याआधी कोणकोणत्या योजना आहेत हे बघा, एवढंच माझं म्हणणं.

रिकॉलच्या बाबतीतही मी चुकले होते. स्क्रीनचे सारखे फोटो काढून साठवणारी ती सोय आपल्या मशीनवर चालू असणार, या धास्तीनं मी सगळ्या सेटिंग्ज पालथ्या घातल्या. सापडली नाही, कारण ती माझ्या मशीनवर नाहीच. रिकॉल फक्त 'कोपायलट प्लस' गटातल्या संगणकांवर येतं, ज्यांच्यात सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करू शकणारा वेगळा प्रोसेसर असतो. मे २०२४ मध्ये ते जाहीर झालं तेव्हा त्यातली माहिती किती उघडी पडते हे सुरक्षा संशोधकांनी दाखवून दिलं. मग ते मागे घेऊन दुरुस्त करण्यात आलं आणि एप्रिल २०२५ मध्ये, आपण होऊन चालू केलं तरच चालेल अशा रूपात आलं. बटणावर कोपायलटचं चिन्ह आहे म्हणून मशीन कोपायलट प्लस असेलच असं नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मीच आधी घबराट पसरवली होती, मीच ती निस्तरली.

म्हणजे सॉफ्टवेअरपुरता निकाल असा: कोपायलट काढता येतो, विंडोज त्याच्याशिवाय व्यवस्थित चालतं, माझ्या कामाला त्याची उणीव एक दिवसही भासली नाही. जूनमध्ये मी याला पाचपैकी एक तारा दिला असता, ऑगस्टपर्यंत चार दिले असते.

पण बटण कसं काढणार?

ॲप काढल्यावर ते बटण विंडोजचा सर्च उघडतं. टाइप करताना बोट तिथे गेलं की चौकट उघडते आणि पुढची अक्षरं तिच्यात पडतात. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, टेक्स्ट इनपुट इथे बटणाचं काम बदलता येतं, पण पर्याय कुठलं तरी ॲप उघडण्याचे. ज्या बटणाच्या जागी हे आलं, त्याचं नाव त्या यादीत नाही.

मग पॉवरटॉइज बसवलं. हे मायक्रोसॉफ्टचंच फुकट टूल आहे आणि मला खरोखर आवडलं. त्यात कळलं की हे बटण म्हणजे मुळात एक बटण नाहीच. ते दाबलं की संगणकाला डावी शिफ्ट, डावं विंडोज आणि एफ२३ ही तीन बटणं एकदम दाबल्याचा निरोप जातो. एफ१३ ते एफ२४ ही बटणं आयबीएमच्या जुन्या टर्मिनलच्या १२२ बटणांच्या कीबोर्डवर असायची. आपल्या कीबोर्डवरून ती गेली तरी नावं शिल्लक राहिली. पॉवरटॉइजमध्ये या तिन्हींच्या बदल्यात उजवा कंट्रोल असं लावलं आणि कॉपी, पेस्ट, सेव्ह सगळं चालायला लागलं. त्या दिवशी मी घरात साखर वाटायची बाकी ठेवली होती.

सप्टेंबरमध्ये खरी परीक्षा झाली. नुसता कंट्रोल चालतो, पण शिफ्टबरोबर त्याचा भरवसा नाही. बटणाच्या पोटातच डावी शिफ्ट असल्यामुळे माझी शिफ्ट आणि त्याची शिफ्ट यांची गल्लत व्हायची. कधी चिन्ह बरोबर पडायचं, कधी कंट्रोल निसटायचा. इनस्क्रिप्टमध्ये नुसती शिफ्ट आणि २ म्हणजे अर्धचंद्र. मग षट्‌कोनाच्या मधोमध एक अर्धचंद्र बसलेला. बालविभागाच्या बारा पानांत अशा नऊ जागा तिसऱ्या वाचनात सापडल्या. दहावी सापडली नसती तर ती छापून मुलांच्या हातात गेली असती, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. ती पानं मी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

दिवाळी झाली, हिशेब झाले आणि मी सर्व्हिस सेंटरला गेले. मागणी साधी होती. उजवा कंट्रोल असलेला कीबोर्ड याच मॉडेलला बसतो का? बसत असेल तर पैसे मी देते. पहिल्या वेळी सांगितलं, सोमवारी फोन करतो. फोन आला नाही. दुसऱ्या वेळी म्हणाले, वॉरंटीत बसत नाही. वॉरंटीत मागितलंच नव्हतं. तिसऱ्या वेळी तो वरचा प्रश्न. त्या मुलाला मी शांतपणे षट्‌कोन लिहून दाखवला. तो चांगला मुलगा आहे, त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला की या मॉडेलला हाच एक कीबोर्ड येतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझे दोन हेलपाटे आणि रिक्षाचे पैसे वाचले असते.

शेवटी जुन्या डेस्कटॉपचा कीबोर्ड माळ्यावरून काढला. त्याची पिन जांभळी, गोल. पुण्याच्या तपकीर गल्लीत ती यूएसबीला लावायचा साठ रुपयांचा जोड घेतला, तो चालला नाही. त्यात नुसत्या तारा असतात, आणि असा जोड चालायला कीबोर्डलाच यूएसबीची भाषा यावी लागते. दुसऱ्या दुकानात आत सर्किट असलेला अडीचशेला मिळाला, तो लावताक्षणी चालला. लॅपटॉपवरचं बटण पॉवरटॉइजमधून पूर्ण निकामी केलं आहे, आणि टेबलावर लॅपटॉपच्या पुढे तो जुना, अक्षरं पुसलेला कीबोर्ड असतो. बाहेर काम करायचं झालं तर तोही पिशवीत घालून न्यावा लागतो.

नवीन लॅपटॉप घेणार असाल आणि इनस्क्रिप्टवर काम करत असाल, तर दुकानात आधी स्पेसबारच्या उजवीकडे बघा. फोटोवर विसंबू नका, ऑनलाइन घेत असाल तर विक्रेत्याला विचारून लेखी उत्तर घ्या. माझ्या तक्रारीवर काल मेसेज आला की तिचं निराकरण झालं असून ती बंद करण्यात येत आहे. मी फोन करून ती पुन्हा उघडायला लावली आहे.