झाइर्यू कार्डाच्या मागे छापलेला नवा पत्ता: जपानमधील पत्ताबदल नोंदणीच्या सेवेविषयी

२२ मार्च २०२५ रोजी, शनिवारी, आम्ही तोक्योच्या एका वॉर्डातून शेजारच्या चिबा प्रांतातील एका शहरात बिऱ्हाड हलवले आणि पाच दिवसांनी, गुरुवारी, तेथील शियाकुशोत म्हणजे नगर कार्यालयात जाऊन पत्ताबदलाची नोंद करून, झाइर्यू कार्डावर म्हणजे परदेशी रहिवाशाच्या निवास-ओळखपत्रावर नवा पत्ता छापून घेऊन आलो. जपानमधल्या अकरा वर्षांत हा आमचा चौथा पत्ता असल्याने ही सेवा मी वेगवेगळ्या कार्यालयांत आणि वेगवेगळ्या काळात घेतलेली आहे. या वेळचा अनुभव एकंदरीत फार चांगला होता. जिथे ही सेवा अजून कमी पडते, तिथे चूक माणसांची नसून माहिती देण्याच्या पद्धतीची आहे, असे माझे मत झाले आहे. ते सविस्तर लिहिते, म्हणजे इकडे नव्याने आलेल्या किंवा घर बदलण्याच्या तयारीत असलेल्या मराठी कुटुंबांना उपयोग होईल.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ९ जुलै २०१२ पूर्वी जपानमध्ये परदेशी नागरिकांची नोंद वेगळ्या कायद्याखाली, वेगळ्या नोंदवहीत होत असे; त्या दिवसापासून ती पद्धत रद्द झाली आणि तीन महिन्यांहून अधिक काळासाठी आलेल्या परदेशी रहिवाशांची नावे जपानी नागरिकांच्याच रहिवासी नोंदवहीत आली. आम्ही २०१४ मध्ये आलो, त्यामुळे जुनी पद्धत मी पाहिलेली नाही. परंतु आमच्या आधी आलेल्या मराठी मंडळींकडून तिच्याविषयी ऐकले आहे, आणि आज मी ज्या खिडकीपुढे बसते त्याच खिडकीपुढे माझ्या शेजारी ओसाकाहून बदलून आलेले जपानी कुटुंब बसलेले असते, याचे मोल मला त्यामुळेच कळते. नोंदीची मुदतही दोघांना सारखीच आहे: नव्या घरी राहायला गेल्यापासून १४ दिवस. आपल्यासाठी मात्र ती चुकवण्याचे परिणाम अधिक कडक आहेत. मुदत उलटल्यास २ लाख येनांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि जुने घर सोडल्यापासून ९० दिवसांत सबळ कारणाशिवाय नव्या पत्त्याची नोंद केली नाही, तर निवासाचा परवानाच रद्द होऊ शकतो. सामान लावून झाल्यावर सवडीने करण्याचे हे काम नव्हे.

एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात किंवा एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना नोंद दोन टप्प्यांत होते. जुन्या ठिकाणी 'तेन्शुत्सु तोदोके', म्हणजे गाव सोडत असल्याची सूचना द्यायची आणि नव्या ठिकाणी 'तेन्न्यू तोदोके', म्हणजे राहायला आल्याची सूचना द्यायची. तोक्योचे २३ वॉर्ड या कामापुरते स्वतंत्र शहरांसारखेच असल्याने, रस्त्यापलीकडच्या वॉर्डात गेलात तरी दोन्ही टप्पे करावे लागतात. एकाच शहरात घर बदलले तर मात्र एकच सूचना पुरते. पूर्वी पहिल्या टप्प्यासाठी जुन्या कार्यालयात जाऊन दाखला आणावा लागे. फेब्रुवारी २०२३ पासून ज्याच्याकडे माय नंबर कार्ड, म्हणजे रहिवाशाचा ओळख क्रमांक असलेले सरकारी कार्ड आहे त्याला ही सूचना घरबसल्या, सरकारच्या मायना पोर्टलवरून देता येते. मी ती घर हलवण्याच्या दहा दिवस आधी रात्री मुलगी झोपल्यावर दिली. मोबाइल कार्डावर टेकवून धरायचा, संकेतशब्द टाकायचा, तिघांची नावे निवडायची आणि नव्या कार्यालयात साधारण कधी जाणार ती तारीख सांगायची, एवढेच काम होते. अर्ज मला जपानीतच भरावा लागला. ज्यांना कांजी, म्हणजे जपानीत वापरली जाणारी चिनी अक्षरे वाचता येत नाहीत त्यांनी तो जाणत्या माणसाला शेजारी बसवून भरावा, कारण घर सोडण्याची तारीख आणि नवा पत्ता यांत झालेली चूक पुढे निस्तरत बसावी लागते.

मार्चचा शेवटचा आठवडा हा या कार्यालयांचा सर्वांत गर्दीचा काळ असतो, कारण जपानमध्ये शाळा आणि नोकऱ्या यांचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि सारा देश त्याच पंधरवड्यात बिऱ्हाडे हलवतो. आम्ही पावणेनऊ वाजता पोहोचलो तेव्हा आमचा क्रमांक ४१ होता. क्रमांकाची चिठ्ठी घेताच, दारापाशी उभ्या असलेल्या एका वयस्कर कर्मचाऱ्याने कोणते काम आहे ते विचारून घेतले, तिघांची झाइर्यू कार्डे आणि माय नंबर कार्डे सोबत आहेत ना याची खात्री केली आणि मगच आम्हाला बसायला सांगितले. कार्ड घरी राहिलेल्या माणसाला दोन तास बसवून ठेवून मग परत पाठवण्यापेक्षा दारातच सांगणे ही साधी गोष्ट आहे. पण माझ्या आधीच्या तीन अनुभवांत ती कोणी केली नव्हती.

या कार्यालयात 'काकानाई मादोगुची', म्हणजे 'न लिहिण्याची खिडकी' आहे. होक्काइदोमधील कितामी शहराने रुळवलेली ही पद्धत आता देशभर पसरते आहे. यात अर्ज आपण भरायचा नसतो. कर्मचारी कार्डावरून नाव, जन्मतारीख वगैरे संगणकात घेतात, राहिलेले प्रश्न तोंडी विचारतात, भरलेला कागद छापून समोर ठेवतात आणि आपण तो वाचून फक्त सही करायची असते. ज्याने एकेका चौकोनात कांजीमध्ये पत्ता लिहिण्याचा खटाटोप केला आहे, दोन रेघा इकडच्या तिकडे झाल्या म्हणून नवा कागद घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आहे, त्यालाच या खिडकीचे महत्त्व कळेल. आमच्या नावांचाही प्रश्न इथे आपोआप सुटला. आपल्याकडच्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात वडिलांचे किंवा पतीचे नावही येते, आणि जपानमध्ये ते सारे एकच नाव म्हणून जसेच्या तसे नोंदवले जाते. हाताने भरायच्या अर्जात ते चौकोनात कधीच मावत नाही, आणि एखाद्या कागदावर मधले नाव गाळले की पुढे बँकेत 'नाव जुळत नाही' म्हणून अडवणूक होते. या वेळी तिन्ही नावे कार्डाप्रमाणे, अक्षर न गाळता छापून आली.

त्यानंतरचा क्षण मला दर वेळी थांबून पाहावासा वाटतो. खिडकीमागच्या तरुण कर्मचारिणीने माझे झाइर्यू कार्ड उलटे केले, एका लहानशा छपाईयंत्रात सरकवले आणि मागच्या बाजूच्या रकान्यात, जुन्या पत्त्याच्या बरोबर खाली, तारीख आणि नवा पत्ता बारीक कांजीत उमटला. मग तिने छोटा गोल शिक्का शाईवर टेकवला, शेवटच्या चौकोनात सरळ दाबला, वर टिपकागद ठेवला आणि कार्ड दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरून म्हणाली, "एकदा अक्षर अन् अक्षर तपासून पाहावे, ही विनंती." मी इमारतीचे नाव आणि खोलीचा क्रमांक बोट ठेवून वाचला. दुसऱ्या इयत्तेतून तिसरीत जाणारी माझी मुलगी शेजारून तेच मोठ्याने वाचत होती, आणि तिला अडलेले एक कांजी त्या कर्मचारिणीने कागदाच्या कोपऱ्यावर लिहून समजावून सांगितले. मागे एवढी रांग असताना तिने ते अर्धे मिनिट दिले, याची मी कृतज्ञतेने नोंद करते.

आता या सेवेतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. पत्ता बदलला की माय नंबर कार्डावरही नवा पत्ता चढवावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येकाचा चार आकडी संकेतांक लागतो. तो तीनदा चुकला की कार्डाला कुलूप लागते. एवढे बहुतेकांना माहीत असते. परंतु त्याच कार्डात डिजिटल सहीचे एक प्रमाणपत्र असते, आणि ते पत्ता बदलताच आपोआप रद्द होते, हे फार थोड्यांना माहीत असते. ते नव्याने घ्यावे लागते, आणि त्याचा संकेतशब्द वेगळा, ६ ते १६ अक्षर-अंकांचा असतो. मागील घरबदलाच्या वेळी, तोक्योच्या एका वॉर्डात, माझ्या कार्डावर पत्ता चढवला गेला, पण या प्रमाणपत्राविषयी मला कोणी एक शब्दही सांगितला नाही. पुढच्या मार्चमध्ये आयकर विवरणपत्र ऑनलाइन भरताना सही स्वीकारली जाईना. कार्ड खराब झाले, मोबाइल खराब झाला, असे सारे तर्क करण्यात दोन रात्री गेल्या आणि शेवटी मुदतीच्या आदल्या दिवशी कामावरून अर्धी रजा काढून वॉर्ड ऑफिस गाठावे लागले. तिथे ते काम दहा मिनिटांत झाले, म्हणजेच ते पहिल्या भेटीतही दहा मिनिटांत झाले असते. या वेळच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांनी स्वतःहून विचारले, "डिजिटल सही पुन्हा चालू करायची ना?", आणि नवा संकेतशब्द मला स्वतःला टाकायला दिला. माझ्या लेखी या कार्यालयाचा दर्जा या एका प्रश्नाने ठरला.

मुलांच्या बाबतीत मात्र स्वतः जागरूक राहावे लागते. बालभत्ता, जो ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट काढून उच्च माध्यमिक वयापर्यंत वाढवण्यात आला आहे आणि आमच्या मुलीच्या वयाला महिना १० हजार येन मिळतो, तो नव्या गावी आपोआप सुरू होत नाही. जुने गाव सोडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून १५ दिवसांच्या आत नवा अर्ज करावा लागतो, आणि उशीर झाला तर तेवढ्या काळाचा भत्ता बुडतो. मुलांच्या औषधोपचाराच्या सवलतीचे पत्रही नवे घ्यावे लागते. शाळेचे तर आणखी निराळे आहे: परदेशी मुलांना जपानमध्ये शाळेची कायदेशीर सक्ती नसल्यामुळे, सरकारी शाळेत प्रवेश हवा असेल तर पालकांनी तशी इच्छा अर्ज करून कळवावी लागते. जुन्या शाळेने दिलेले विद्यार्थी असल्याचे आणि पाठ्यपुस्तके मिळाल्याचे, अशी दोन पत्रे आम्ही जवळ ठेवली होती, म्हणून शिक्षण विभागाच्या खिडकीवर काम लगेच झाले. ही खिडकी तिसऱ्या मजल्यावर, बालभत्त्याची दुसऱ्या मजल्यावर आणि पत्त्याची तळमजल्यावर. दर ठिकाणी नवा क्रमांक आणि नवी रांग. सर्व मिळून आम्हाला तीन तास दहा मिनिटे लागली, त्यांतला दोन तासांहून अधिक वेळ प्रत्यक्षात वाट पाहण्यात गेली.

भाषेची सोय चांगली आहे, पण ती मागावी लागते. खिडकीवर दुभाष्याशी चित्रफोनवर बोलण्यासाठी टॅबलेट होता आणि आमच्या शेजारचे नेपाळी दांपत्य त्यावरून निर्धास्तपणे आपले काम करून घेत होते. मात्र तशी सोय असल्याची पाटी दारात नव्हती. मराठी घरांत बहुधा नवऱ्याला कामापुरते जपानी येत असते आणि म्हणून बायकोने त्याच्या रजेची वाट पाहत १४ दिवसांतले दहा दिवस घालवलेले मी पाहिले आहेत. तसे करण्याचे कारण नाही. कुटुंबातील एका माणसाने सर्वांची कार्डे नेली तरी सर्वांची नोंद होते, आणि दुभाषी हवा असे पहिल्याच वाक्यात सांगितले की तो मिळतो. भारतातून थेट येणाऱ्यांनी मात्र विवाहाचा दाखला आणि त्याचे जपानी भाषांतर बरोबर आणावे, कारण कुटुंबप्रमुख परदेशी असल्यास पती-पत्नीचे नाते नोंदवहीत लिहिण्यासाठी ते मागतात.

आणखी एक गैरसमज इथे दूर करते. पत्ता नगर कार्यालयाला कळवला की इमिग्रेशनला निराळे कळवावे लागत नाही. नोकरी बदलल्याची सूचना मात्र १४ दिवसांत इमिग्रेशनलाच द्यायची असते आणि नगर कार्यालयाचा तिच्याशी संबंध नसतो. वाहन परवान्यावरचा पत्ता पोलीस ठाण्यात बदलतात, आणि टपाल खात्याला वेगळा अर्ज दिला की जुन्या पत्त्यावरची पत्रे एक वर्षभर विनामूल्य नव्या घरी येतात. हे सारे एका कागदावर, सोप्या जपानीत आणि इंग्रजीत छापून, शिक्का मारलेल्या कार्डासोबत हातात ठेवले, तर निम्मी धावपळ वाचेल. सूचनापेटीत मी हेच लिहून टाकले आहे.

निघताना ३०० येन भरून ज्यूमिनह्यो, म्हणजे आपल्याकडच्या रहिवासी दाखल्यासारखा उतारा घेतला. साताऱ्याहून सासूबाईंना पाडव्याआधी मसाल्याचे पार्सल पाठवायचे होते आणि टपालात रोमन अक्षरांत पत्ता हवा होता; पण उताऱ्यावरचा पत्ता केवळ कांजीत, आणि आमच्या भागाच्या नावाचा उच्चार दोन प्रकारे होऊ शकतो. मी परत खिडकीपाशी जाऊन विचारले, तेव्हा त्याच कर्मचारिणीने पेन्सिलने नावावर हिरागाना या उच्चार दाखवणाऱ्या सोप्या लिपीत उच्चार लिहून दिला आणि तो योग्य असल्याचे यादीत पाहून सांगितले. दुपारी ट्रेनमध्ये बसून मी तो पत्ता रोमन अक्षरांत उतरवला आणि साताऱ्याला पाठवून दिला.