शनिवारचे पालकपत्रक : गणित व परिसर अध्ययन घरापर्यंत पोहोचवणाऱ्या एका शालेय सेवेचे परीक्षण

बेळगाव तालुक्यातील आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेतून चौथी-पाचवीच्या मुलांच्या दप्तरातून दर शनिवारी एक पाठपोट छापलेले पान घरी येते. त्या आठवड्यात गणित आणि परिसर अध्ययन या दोन विषयांत वर्गात काय झाले, ते कोणत्या रीतीने शिकवले गेले आणि त्याविषयी घरी मुलाला काय विचारता येईल, एवढाच मजकूर त्यावर असतो. पाचवीपर्यंत विज्ञान हा वेगळा विषय नसून तो परिसर अध्ययनातच सामावलेला असल्याने, विज्ञान सहावीत सुरू होते असा बहुतेक पालकांचा समज असतो. हे पान तो समज पहिल्याच महिन्यात दूर करते. त्याचे शुल्क नाही, झेरॉक्सचा खर्च एसडीएमसी, म्हणजे शाळेची विकास व देखरेख समिती, उचलते, आणि पानाचे छायाचित्र पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही टाकले जाते. माझी मुलगी यंदा चौथीत आहे, त्यामुळे जूनपासूनची सर्व पाने माझ्या वाचनात आली आहेत.

या पत्रकाचे खरे बळ गणिताच्या बाजूला दिसते. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे झाल्यास आमच्या घरातील वडीलधारी माणसे दोनाऐवजी बारा धरतात, त्यातून सात काढून पाच मांडतात, मग हातचा एक खालच्या दोनात मिळवून पाचातून तीन वजा करतात. वर्गात मात्र बावन्नातील एक दशक सुटा करून चार दशक आणि बारा एकक अशी मांडणी होते. उत्तर दोन्हीकडे पंचवीसच येते. पण संध्याकाळी आजोबा एक रीत सांगतात, सकाळी बाई दुसरी सांगतात, आणि आपल्याला गणित येत नाही अशी मुलाची समजूत होते. पत्रकात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या यांची चित्रे काढून दोन्ही रीती शेजारी शेजारी दिल्या होत्या, आणि जुन्या रीतीत वरच्या व खालच्या दोन्ही संख्यांत दहा मिळवले जात असल्याने फरक तोच राहतो, हे कारणही दोन ओळींत सांगितले होते. त्याखाली सूचना होती की घरातील मोठ्यांची रीत चुकीची आहे असे मुलाला सांगू नये, उलट ती समजून घेऊन वर्गात करून दाखवण्यास सांगावे. आमच्याकडे त्या दिवसापासून वजाबाकीवरून वाद झालेला नाही.

अपूर्णांकांच्या आठवड्यातील पान तर मी जपून ठेवले आहे. वर्गात गणित कलिका आंदोलन या सरकारी शाळांतील साहित्याधारित गणित उपक्रमाच्या संचातील पट्ट्या वापरून अर्धा, पाव आणि अर्धपाव शिकवल्याचे त्यात नमूद होते. मात्र घरासाठी दिलेले काम पट्ट्यांचे नव्हते. धान्य मोजण्याची जुनी मापे कोणाच्या घरी असल्यास ती मुलाच्या हाती द्यावीत आणि दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर व चार शेरांची एक पायली हे त्याने स्वतः तांदूळ ओतून पडताळावे, असे त्यात लिहिले होते. शेवटचा प्रश्न असा होता की चिपटे हा पायलीचा कितवा भाग. माझ्या सासूबाईंना शाळेचा गंध नाही, पण माळ्यावरचे लाकडी मापटे त्यांनीच काढून दिले आणि सोळावा भाग हे उत्तर नातीच्या आधी त्यांनीच दिले. पालकांनी मुलांना शिकवावे असा आग्रह धरणारी पत्रके मी इतरत्र पाहिली आहेत. ज्या घरात शिकवणारे कोणी नाही तिथे ती निरुपयोगी ठरतात. इथे घराकडे जे आहे तेच मागितले जाते, आणि माझ्या मते या उपक्रमाची गुणवत्ता सर्वाधिक या एका गोष्टीत आहे.

विज्ञानाच्या बाजूला कधीकधी नुसती पाठाची उजळणी असते, आणि ती वाचून पालकाच्या हाती फारसे काही लागत नाही. पावसाचे पत्रक मात्र त्याला अपवाद होते. प्लास्टिकच्या बाटलीचा वरचा भाग कापून तो नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, तळाच्या खोलगट भागामुळे मोजमाप चुकू नये म्हणून खाली थोडे खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरायचे आणि तिथेच शून्याची खूण करायची, ही कृती तपशीलवार दिली होती. बाटली झाडाखाली किंवा पागोळ्यांखाली ठेवू नये, वाऱ्याने कलंडू नये म्हणून विटांच्या आधाराने उभी करावी, आणि रोज सकाळी एकाच वेळी पट्टीने मोजून लिहावे, असेही बजावले होते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर पडलेले एक लिटर पाणी, हे वाक्य वाचून शेतकरी पालकांनी आपापल्या वाफ्यांचा हिशेब केला आणि तो गटावर टाकला, हा अनपेक्षित लाभ होय. पुढच्या आठवड्यात बाईंनी मुलांच्या नोंदींवरून वर्गात स्तंभालेख काढून घेतला. खानापूरकडे कणकुंबीला, म्हणजे मलप्रभेच्या उगमापाशी, मामाकडे गेलेल्या एका मुलाचा स्तंभ इतरांच्या वर कितीतरी गेला, आणि पाऊस सगळीकडे सारखा का पडत नाही हा पुढचा पाठ तिथूनच सुरू झाला. घरातून गेलेली माहिती वर्गात वापरली गेल्याचे पालकांना दिसणे, हे मला कोणत्याही प्रगतिपुस्तकापेक्षा मोलाचे वाटले.

पानाच्या तळाशी त्या आठवड्यातील मुख्य संज्ञा मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत, पण सर्व देवनागरीत दिलेल्या असतात. उदाहरणार्थ अपूर्णांक, भिन्नराशी, फ्रॅक्शन. आपल्या भागातील बरीच मुले पुढे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात जातात, तेव्हा ही एक ओळ कात्रण करून वहीत चिकटवण्याजोगी आहे.

तुलनेसाठी सांगतो, शहरात राहणाऱ्या माझ्या बहिणीची मुले ज्या खासगी शाळेत आहेत तिथे याच कामासाठी वार्षिक शुल्क घेऊन एक अ‍ॅप दिलेले आहे. त्यावर धडा पूर्ण झाल्याची हिरवी खूण येते, तक्ते हातात धरून उभ्या असलेल्या मुलांची छायाचित्रे येतात आणि सूचना सर्व इंग्रजीतून येतात. छायाचित्रे देखणी असतात. परंतु मुलांना भागाकार कोणत्या रीतीने शिकवला आहे हे बहिणीला त्यावरून एकदाही कळलेले नाही.

आमच्या पत्रकाचे दोषही लहान नाहीत. पहिला दोष वेळेचा आहे. घरच्या कामासाठी संध्याकाळची वीस मिनिटे आई किंवा वडील मुलासोबत बसतील असे त्यात गृहीत धरलेले असते. उद्यमबाग किंवा मच्छे येथील कारखान्यांत दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या वडिलांना आणि रोपलावणीच्या दिवसांत अंधार पडेपर्यंत शिवारात असणाऱ्या आयांना ही वीस मिनिटे मिळत नाहीत. शिवाय पान वाचता न येणाऱ्या पालकांचे काय, हा प्रश्न उरतोच. गटावर पानाच्या छायाचित्रासोबत बाईंनी दोन मिनिटांत मजकूर वाचून दाखवलेली ध्वनिफीत टाकली, तर हे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतील. सध्याचे छायाचित्र इतके अंधुक असते की काड्यांचे गठ्ठे मोजताच येत नाहीत.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वर्गाने काय केले हे पत्रक सांगते, पण माझी मुलगी त्यात कुठे आहे हे सांगत नाही. वर्षाच्या आरंभी सेतुबंधात, म्हणजे मागील इयत्तेच्या उजळणीच्या काळात, घेतलेल्या चाचणीत तिला काय आले आणि काय आले नाही, हे मला बाईंना भेटून विचारावे लागले. शिक्षणहक्क कायद्याच्या 24व्या कलमात शिक्षकांनी पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगावी असे स्पष्ट म्हटले आहे. हा कायदा 2010पासून लागू आहे, तरी बैठकीत अर्धा वेळ गणवेश आणि शौचालयाची दुरुस्ती यांवरच जातो, आणि त्याला आम्ही पालकही जबाबदार आहोत. सर्वांना सारखे जाणारे पान वैयक्तिक प्रगती सांगू शकत नाही हे मान्य. मात्र पानाच्या मागील बाजूस मुलाला स्वतःहून जमते, मदतीने जमते, अजून जमत नाही असे तीन चौकोन ठेवून बाईंनी एकावर खूण केली, तरी पुरे आहे. एका वर्गात एवढ्या मुलांच्या पानांवर दर आठवड्याला खुणा करणे हे एका शिक्षिकेवर लादू नये, महिन्यातून एकदा केले तरी चालेल.

पाचपैकी चार गुण मी देतो. सीमाभागातील ज्या शाळांना असे काही सुरू करायचे असेल त्यांनी आमच्या शाळेचे जुने अंक मागून घ्यावेत आणि नक्कल करताना गणिताची बाजू आधी घ्यावी. तीन चौकोनांची सूचना मी एसडीएमसीच्या मागील बैठकीत लेखी दिली असून दसऱ्याच्या सुट्टीनंतर चौथीच्या वर्गापुरता तो प्रयोग करून पाहण्याचे बाईंनी मान्य केले आहे.