गोदामातला बार: बर्फ अप्रतिम, वरचा मजला मात्र टाळा

पाण्याकाठच्या जुन्या गोदामात बार काढला की बहुतेक मालकांना सजावटीचा मोह आवरत नाही. भिंतीवर नांगर, छताला मासेमारीची जाळी, कोपऱ्यात पिंप. इथे त्यातलं काहीही नाही आणि म्हणूनच ही जागा मला इतकी आवडली. इमारत होती तशी ठेवलीये आणि सगळी मेहनत पेल्यात घातलीये.

आत शिरल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. खिडक्या लहान, भिंतीत खोल बसवलेल्या. गोदामाला उजेड लागायचा नाही, माल कोरडा आणि सुरक्षित राहिला की झालं. विटांवर चुन्याचे जुने थर आहेत आणि मधूनच पांढऱ्या रंगातले अर्धवट पुसलेले आकडे दिसतात, बहुधा मालाच्या रांगांचे. ओतीव लोखंडाचे खांब फार जवळजवळ आहेत, कारण वरच्या मजल्यांवर रचलेल्या मालाचं वजन त्यांनाच पेलायचं होतं. या खांबांच्या मधल्या जागेत टेबलं बसवली आहेत, त्यामुळे प्रत्येक टेबलाला स्वतःचा एक आडोसा मिळतो. दिवेही छतातून डोळ्यांवर येत नाहीत. प्रत्येक टेबलावर एक छोटा पिवळा दिवा, समोरच्याचा चेहरा दिसेल एवढाच.

पाण्याच्या बाजूला माल आत घेण्याची दारं आहेत, प्रत्येक मजल्यावर एकावर एक. सगळ्यात वर भिंतीतून बाहेर आलेली तुळई आणि तिला कप्पी. नावेतला माल दोराने थेट हव्या त्या मजल्यावर खेचून घेत. खालच्या दाराला आता काच बसवलीये. त्या काचेपाशी बसायला मिळालं तर दुसरी जागा मागू नका. ओहोटीला चिखलाचा आणि शेवाळाचा वास आत येतो, तो मला आवडतो. ज्यांना आवडत नाही त्यांनी भरतीची वेळ बघून जावं.

अशा इमारती मोकळ्या झाल्या त्या मुख्यतः कंटेनरमुळे. १९५६ साली 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला गेलं आणि पुढच्या दोन दशकांत पोती-पिंपं पाठीवर वाहून गोदामात रचण्याचं काम जगभर आटत गेलं. मोठी जहाजं जुन्या उथळ गोद्यांत शिरेनात. लंडनचं १८२८ सालचं सेंट कॅथरिन्स डॉक १९६८ मध्ये बंद झालं. लिव्हरपूलचं अल्बर्ट डॉक १८४६ साली आगीच्या धास्तीने बांधकामात लाकूड न वापरता उभारलं होतं. तेही ओस पडलं आणि नंतर संग्रहालयं, रेस्तराँ यांनी पुन्हा भरलं. हे सगळं इथे सांगायचं कारण म्हणजे या बारचा मेनू या इतिहासाशी प्रामाणिक आहे. जहाजांनी जे आणलं तेच इथे मिसळलं जातं: रम, साखर, लिंबू, मसाले, कडवट अर्क.

मी गिमलेट मागवलं. जिन आणि साखरेत मुरवलेला लिंबाचा रस, एवढंच. स्कर्व्हीवर (लांबच्या प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजवणारा, क जीवनसत्त्वाच्या अभावाचा आजार) लिंबूवर्गीय फळं चालतात हे जेम्स लिंड या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने १७४७ मध्ये जहाजावर प्रयोग करून दाखवलं होतं. पण रस महिनोन्महिने टिकवायचा कसा हा प्रश्न होताच. १८६७ साली लॉकलन रोझने मद्य न घालता साखरेच्या जोरावर तो टिकवण्याचं पेटंट घेतलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश व्यापारी जहाजांवर खलाशांना लिंबूरस देणं कायद्याने सक्तीचं झालं. आज बऱ्याच ठिकाणी गिमलेट म्हणजे बाटलीतला हिरवा गोडमिट्ट पाक असतो. इथे लिंबाच्या साली साखरेत ठेवून त्यांचं तेल सुटू देतात आणि मग रस घालतात. पहिल्या घोटाला सालीचा कडसर वास येतो, मागून आंबट, आणि गोडी अगदी शेवटी.

आता बर्फाबद्दल. काउंटरवर एक लांबट लादी होती, इतकी नितळ की पलीकडच्या बाटलीवरचं लेबल वाचता येत होतं. बारटेंडर मुलगी दातेरी सुरीने तिच्यावर रेघ पाडायची, सुरीच्या पाठीवर लाकडी ठोकळ्याने एक हलका ठोका द्यायची आणि लादी सरळ दुभंगायची. मी विचारल्यावर तिने हातातलं काम न थांबवता सांगितलं. पाणी चहूबाजूंनी गोठलं की हवा मध्ये अडकून बर्फ पांढरा होतो. म्हणून भांड्याच्या बाकीच्या बाजूंना आवरण घालून फक्त वरून गोठू द्यायचं. हवा खाली ढकलली जाते आणि तळाचा धुरकट भाग कापून टाकायचा. मोठा तुकडा हळू वितळतो, कारण त्याच्या आकारमानाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग कमी असतो. माझ्या दुसऱ्या पेल्यातलं ओल्ड फॅशन्ड (व्हिस्की, साखर आणि कडवट अर्क यांचं पेय) शेवटपर्यंत पाणचट झालं नाही ते यामुळेच. हे पेय ती शेकरमध्ये घालत नाही, लांब चमच्याने ढवळते. चमचा पेल्याच्या कडेने फिरतो, आवाज जवळजवळ नाही. मग अँगोस्टुरा बिटर्सचे थेंब (हा अर्क १८२४ साली व्हेनेझुएलातल्या एका नदीकाठच्या बंदरगावात एका जर्मन डॉक्टरने पोटाच्या औषधासाठी केला होता) आणि वर संत्र्याच्या सालीचा पिळा. साल दुमडताच तेलाचे बारीक तुषार दिव्याच्या उजेडात उडाले ते मी डोळ्यांनी पाहिले.

माझ्यासोबत आलेल्या वहिनी पीत नाहीत. बऱ्याच बारमध्ये न पिणाऱ्याला रंगीत सरबत आणि वर कागदी छत्री मिळते, तेही दारूच्याच किमतीत. इथे त्यांना थंड पाण्यात रात्रभर काढलेला काळा चहा, कच्च्या द्राक्षांचा आंबट रस आणि लवंगेचा किंचित पाक असं पेय मिळालं. त्याच जाड बुडाच्या पेल्यात, त्याच नितळ बर्फावर. "अगं, हे माझ्यासाठी मुद्दाम केल्यासारखं वाटतंय," म्हणाल्या आणि दुसरा पेला मागवला. बार किती चांगला आहे हे मी न पिणाऱ्याच्या पेल्यावरून ठरवते. या कसोटीला ही जागा पूर्ण उतरते.

रम आवडणाऱ्यांनी डायकिरी घ्यावी, म्हणजे रम, लिंबू आणि साखर. फेसाळ, कडक थंड, आणि चटकन संपवायची. रेंगाळत बसलात तर तिची मजा जाते. ग्रॉगही आहे. १७४० साली ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल व्हर्ननने नौसैनिकांची रम एकास चार पाणी घालून पातळ करायचा हुकूम काढला होता, त्याची आठवण म्हणून गरम पाण्यात देतात. मला तो फिका वाटला.

तक्रारी आहेत, आणि लहान नाहीत. मेनू काळ्या कागदावर सोनेरी बारीक अक्षरांत छापलाय. त्या उजेडात तो वाचताच येत नाही, दर टेबलावर लोक मोबाइलचा दिवा लावतात आणि इतक्या जपून केलेल्या अंधाराचा विचका होतो. वरचा मजला वेगळाच बार वाटावा इतका वाईट सांभाळलाय. छत विटांच्या कमानींचं, त्यावर स्पीकर मोठ्याने, आणि आवाज असा घुमतो की समोरच्याशी ओरडून बोलावं लागतं. तिथे जायचा लोखंडी जिनाही उभा आणि अरुंद आहे, लिफ्ट नाही आणि स्वच्छतागृह वरच. गुडघे दुखणाऱ्या माणसाला इथे संध्याकाळ काढणं अवघड आहे. जुन्या इमारतीत लिफ्ट बसवणं कठीण असतं हे मान्य, पण तळमजल्यावर एक स्वच्छतागृह करायला जागा नक्की निघेल. मी हे निघताना व्यवस्थापकांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं.

जायचं तर आठवड्याच्या मधल्या वारी, सूर्यास्ताच्या जरा आधी. काचेच्या दाराजवळचं टेबल फोनवर मागून ठेवा. ते नाही मिळालं तर काउंटरच्या टोकाचं स्टूल घ्या, जिथून बर्फ कापताना दिसतो. त्या स्टुलाला पाठ नाही, तेव्हा दोन पेल्यांपेक्षा जास्त वेळ बसवत नाही. तेवढ्यात एक गिमलेट आणि एक ओल्ड फॅशन्ड निवांत होतं.