साधा डिजिटल वजनकाटा: कोणता घ्यावा, कसा वापरावा आणि त्याच्या आकड्याला किती मानावं

वजन कमी करायचं ठरलं की बहुतेक घरांत पहिली खरेदी वजनकाट्याची होते. चालायचे बूट आणि जिमची फी नंतर. जळगाव-धुळ्यात खोली करून शिकणाऱ्या, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या किंवा नुकत्याच कामाला लागलेल्या तरुण मुला-मुलींच्या हातात हा काटा पडतो तेव्हा बऱ्याच जणांचा स्वतःवरचा विश्वास आधीच खचलेला असतो. म्हणून या वस्तूकडे जरा काळजीने पाहायला हवं.

हे परीक्षण एका कंपनीचं नाही, एका प्रकारच्या काट्याचं आहे: वर काच, खाली चार पाय, १८० किलोची क्षमता, १०० ग्रॅमच्या टप्प्याने दिसणारा आकडा, ॲप नाही, ब्लूटूथ नाही. साधारण ६०० ते १२०० रुपयांत मिळतो. हा काटा जरूर घ्यावा. त्याच्या शेजारी ठेवलेला, चरबीचे टक्के सांगणारा ‘स्मार्ट’ काटा सुरुवातीला घेऊ नये. कारणं पुढे येतीलच.

घरीच काटा कशाला, मेडिकलसमोर आहे की, असं घरचे म्हणतात. तिथे जीन्स, मोबाइल, पाकीट, चपला धरून किलो-दीड किलो जास्तीचं चढतं. कधी सकाळी, कधी जेवून आल्यावर, म्हणजे दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. आणि मागे कोणीतरी ओळखीचं उभं असतंच. ‘कितलं वजन शे तुनं?’ (तुझं वजन किती?) हा प्रश्न आपल्याकडे लग्नात, ओट्यावर, बस स्टँडवर सहज विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं, पण ऐकणारा आठवडाभर तेच घोळवत बसतो. घरचा काटा दार लावून वापरता येतो आणि आकडा कोणाला सांगायचा ते आपण ठरवतो. अचूकतेइतकाच हा गुण मोठा आहे.

आता आतली रचना. चारही पायांत एकेक लोड सेल असतो, म्हणजे धातूची पट्टी आणि तिला चिकटवलेली बारीक तारेची जाळी. भार आला की पट्टी किंचित वाकते, जाळी ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध बदलतो. चारही कोपऱ्यांतला हा बदल एकत्र मोजून आतली चिप किलोचा आकडा दाखवते. यातून दोन गोष्टी निघतात. चारही पाय जमिनीला सारखे टेकले पाहिजेत, आणि जमीन दबता कामा नये. सतरंजी, चटई, रबरी मॅट यांवर पाय रुततात आणि वजन चुकीचं दिसतं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर किंवा जुन्या घरातल्या उंचसखल शहाबादी फरशीवर एक पाय अधांतरी राहतो. काटा डुलतो का ते कोपरा दाबून पाहा. डुलत असेल तर दीड फूट बाय दीड फुटाचा १२ मिलिमीटर जाडीचा प्लायवूडचा तुकडा सुताराकडून कापून घ्या, तो सपाट बसवा आणि काटा कायम त्यावरच ठेवा. फरशीच्या सांध्यावर पाय येऊ देऊ नका.

सगळ्यांत जास्त गोंधळ होतो तो काटा उचलून हलवल्यावर. पलंगाखालून ओढला किंवा भिंतीला उभा ठेवला की त्याचा शून्य बिघडतो आणि पुढचं पहिलं वजन भलतंच येऊ शकतं. म्हणून जागेवर ठेवून पायाने एकदा टॅप करायचं, ०.० दिसून काटा बंद होऊ द्यायचा, मगच चढायचं. काचेच्या मधोमध उभं राहायचं. कडेवर पाय दिला तर काटा उलटतो. पाय ओले असतील तर काचेवरून घसरतात, म्हणून आंघोळीच्या आधी वजन घ्यावं.

खालच्या बाजूला किलो आणि पौंड बदलणारं बटण असतं. काटा सरकवताना ते दाबलं जातं आणि ८४ चे एकदम १८५ होतात. पहिल्यांदा असं झालं की पोटात गोळा येतो. घाबरू नका, बटण पुन्हा दाबा.

दुकानात घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, आकार. २६ सेंटिमीटरचे छोटे काटे जड माणसाला अपुरे पडतात, ३० बाय ३० चा घ्या. दुसरी, क्षमता. तुमचं वजन १२५-१३० च्या पुढे असेल तर १५० किलोचा घेऊ नका, १८० चाच घ्या. काठावरच्या क्षमतेत कपडे-बॅगेसकट चढलं की ‘एरर’ येतो, आणि तो काट्याच्या मर्यादेचा असला तरी माणसाला स्वतःचा वाटतो. तिसरी, आकडा लॉक होतो का. पोट मोठं असेल तर पायांमधला आकडा दिसत नाही, वाकून पाहिलं की भार पुढे जातो आणि आकडा हलतो. चांगला काटा दोन-तीन सेकंदांत आकडा पक्का करतो आणि खाली उतरल्यावरही काही सेकंद दाखवत राहतो. सरळ समोर पाहत उभं राहायचं, उतरायचं, मग वाचायचं. दुकानदाराला हे विचारायला लाजू नका, ही तुमच्या सोयीची गोष्ट आहे.

अचूकता तपासायची घरगुती रीत सोपी आहे. गॅसच्या भरलेल्या, सील न तोडलेल्या सिलिंडरवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात गॅसचे १४.२ किलो मिळवा. टाकीवर १५.३ लिहिलं असेल तर काट्यावर २९.५ च्या आसपास यायला हवं. काचेवर आधी जाड कापड अंथरा आणि टाकी दोघांनी मिळून अलगद ठेवा. पाचेकशे ग्रॅमचा फरक नेहमी सारखाच येत असेल तर चिंता नको, कारण आपल्याला बदल मोजायचा आहे आणि तो फरक दोन्ही आकड्यांतून वजा होतो. फरक दर वेळी वेगळा येत असेल तर मात्र काटा बदला. ओळखीच्या धान्याच्या किंवा कापसाच्या व्यापाऱ्याकडे वैधमापनशास्त्र विभागाची मोहर असलेला मोठा काटा असतो. तिथे एकदा उभं राहून घरच्या काट्याशी मेळ घालता येतो.

आणखी एक पारख आहे. काही स्वस्त काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवं वजन त्याच्या जवळ असलं तर जुनाच आकडा पुन्हा दाखवतात, म्हणजे काटा ‘स्थिर’ वाटतो. एकदा वजन घ्या, लगेच २०० ग्रॅमचं बिस्किटाचं पाकीट हातात धरून पुन्हा घ्या, मग लिटरभर पाण्याची भरलेली बाटली धरून घ्या. बाटलीने साधारण एक किलो वाढलं पण पाकिटाने काहीच हललं नाही, तर ही खोड त्यात आहे. असा काटा घेऊ नका.

आता मुख्य मुद्दा. काटा शरीरातलं सगळंच मोजतो: पाणी, आतड्यातलं अन्न, स्नायूंतला साखरेचा साठा, आणि चरबीही. पहिल्या तिघांमुळे रोज एक-दोन किलोची चढउतार अगदी निरोगी माणसातही होते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा आणि त्याचं पाणी निघून जातं आणि पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरलेले दिसतात. त्यात चरबी थोडीच असते. दुसऱ्या आठवड्यात वेग मंदावतो तेव्हा ‘माझ्याच्याने होत नाही’ असं मुलं म्हणतात. खरं तर कामाला तेव्हाच सुरुवात झालेली असते.

आपल्या ताटाशी हे जोडून पाहा. रात्री ढाब्यावर तर्री असलेली शेवभाजी खाल्ली की सकाळी काटा किलोभर वर दिसतो. मीठ पाणी धरून ठेवतं, शिवाय जेवण अजून पोटात आहे. एका रात्रीत किलोभर चरबी चढायला रोजच्या गरजेपेक्षा अंदाजे ७७०० कॅलरी जास्त खाव्या लागतील, ते शेवभाजीने होत नाही. तर्रीतलं तेल पुढच्या काही आठवड्यांत दिसतं, म्हणून वाटीवरचा तवंग चमच्याने काढावा, पण सकाळच्या आकड्यावरून स्वतःला बोल लावू नये. आखाजीला (अक्षय तृतीयेला) आमरस आणि खापरावरच्या पुरणपोळ्या झाल्या की दोन-तीन दिवस आकडा वर राहतो, मग आपोआप खाली येतो. हिवाळ्यात भरीत-कळण्याची भाकरी पोटभर खाल्ल्यावरही तेच. उलट मे महिन्यात, जळगाव-भुसावळला ४५ अंशांपर्यंत पारा जातो तेव्हा, रात्रभर घाम येऊन सकाळी अर्धा किलो कमी दिसतं. ते फक्त पाणी आहे, प्यायलं की भरून निघतं. आकडा उतरलेला ठेवायला पाणी टाळणं धोक्याचं आहे. पाळीच्या आधीच्या दिवसांत मुलींचं वजन अर्धा ते दोन किलो वाढतं. त्यांनी मागच्या महिन्याच्या त्याच आठवड्याशी तुलना करावी. आणि पहिल्यांदा उठाबशा किंवा वजनं उचलायला सुरुवात केली की दुखऱ्या स्नायूंत दुरुस्तीसाठी पाणी साचतं, म्हणून व्यायाम करूनही आठवडाभर काटा वर दिसू शकतो. याच आठवड्यात बरीच मुलं सोडून देतात, म्हणून हे आधीच माहीत असलेलं बरं.

यावर उपाय सरासरीचा. सकाळी उठून, संडास-लघवी झाल्यावर, काही खाण्यापिण्याआधी, त्याच हलक्या कपड्यांत एकदाच चढायचं आणि आकडा वहीत लिहायचा. सात दिवसांची बेरीज भागिले सात. समजा पहिल्या आठवड्यात ८४.६, ८५.१, ८४.३, ८४.९, ८५.४, ८४.२, ८४.० आले, तर सरासरी ८४.६. दुसऱ्या आठवड्यात ८४.१, ८४.८, ८५.०, ८३.९, ८३.७, ८४.२, ८३.८, म्हणजे सरासरी ८४.२. दुसऱ्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवसाचा ८५.० हा आकडा पहिल्या आठवड्याच्या पहिल्या दिवसापेक्षाही जास्त आहे, तरी वजन ४०० ग्रॅमने उतरलं आहे. आठवड्याला अर्धा किलो हा उत्तम वेग. सतत किलोपेक्षा जास्त उतरत असेल तर खाणं फार कापलं गेलंय: केस गळतात, स्नायू झिजतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. तीन-चार आठवडे सरासरी हललीच नाही तरच तेल, साखरेचा चहा, फरसाण यांपैकी एक गोष्ट कमी करा. प्रयत्न करूनही वाढत राहिली तर थायरॉइड आणि मुलींनी पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराची) तपासणी डॉक्टरांकडून करून घ्यावी.

स्मार्ट काटा का नको? तो तळपायांतून सौम्य विद्युतप्रवाह सोडतो, त्याला शरीराचा किती अडथळा होतो ते मोजतो आणि तुम्ही भरलेली उंची, वय, लिंग सूत्रात घालून चरबीचा अंदाज काढतो. प्रवाह मुख्यतः एका पायातून दुसऱ्या पायात जातो, पोटाचा हिशेब बराचसा सूत्राचा असतो. शरीरात पाणी कमी असलं की अडथळा वाढतो आणि चरबी जास्त दिसते. म्हणजे खानदेशातल्या उन्हाळ्यात चालून घामाघूम झाल्यावर तुम्ही ‘जाड’ झाल्याचं तो सांगू शकतो. वर ‘शरीराचं वय ३८’ असं २१ वर्षांच्या मुलीला दाखवेल. ज्याला आधीच आपलं शरीर नकोसं वाटतं, त्याला रोज दहा-बारा कच्चे अंदाज देण्यात काहीच भलं नाही. पेसमेकर बसवलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तर तो वापरूच नये.

तेच पैसे शिलाईच्या टेपवर घाला, २०-३० रुपयांत मिळते. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता दर पंधरा दिवसांनी मोजा. भारतीयांसाठी पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटरच्या वरचा घेर धोक्याचा मानतात. काटा थांबलेला असताना टेप अनेकदा उतरत असते.

वहीत वजनाशेजारी आणखी दोन रकाने आखा: आज चाललो का, आणि शरीराने काय जमवलं. जळगावच्या मेहरूण तलावाकाठी किती मिनिटं न थांबता चाललो, तिसऱ्या मजल्यावर पोहोचल्यावर बोलता येत होतं का, भिंतीला टेकून किती दंड निघाले. आकडा आपल्या हातात नसतो, चालणं असतं. विश्वास या रकान्यांतून परत येतो, म्हणून ते वजनाच्या आधी भरावेत. आणि आजच्या मापाचे दोन चांगले कपडे आत्ताच शिवून घ्या. ‘बारीक झाल्यावर घालीन’ म्हणून घेतलेला घट्ट शर्ट कपाट उघडलं की रोज टोचतो.

१००-२०० ग्रॅमच्या फरकाने ज्यांचा दिवस खराब होतो, त्यांनी स्प्रिंगचा, गोल तबकडीचा वजनकाटा घ्यावा. त्यावर खुणा किलो-अर्ध्या किलोच्या असतात, बारीक चढउतार दिसतच नाही. बॅटरी लागत नाही. तो आठवड्यातून एकदा वापरावा आणि चढण्याआधी चाक फिरवून शून्य जुळवावा.

काही जणांनी मात्र कोणताच काटा घेऊ नये. दिवसातून चार-पाच वेळा चढावंसं वाटत असेल, आकडा पाहून जेवण टाळलं जात असेल, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी केली जात असेल किंवा हे पूर्वी कधी झालेलं असेल, तर घरात काटा नको. आधी डॉक्टरांशी बोला. टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. उपचारासाठी वजन घ्यावंच लागलं तर आकड्याकडे पाठ करून उभं राहायचं आणि तो डॉक्टरांनी मोठ्याने न सांगता लिहून घ्यायचा, अशी विनंती करता येते. आई-वडिलांना सोबत नेणार असाल तर हे त्यांना दवाखान्यात शिरण्याआधीच सांगून ठेवा.